कारखानदार खासदार झाला, तर कारखान्याचं काय?

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखानदाराला लोकसभेचं तिकीट मिळालं की नाक्यावर पहिली चर्चा एकच होते: आता हा माणूस कारखाना विकणार, की भावाच्या नावावर करणार? तिकीट देणारा पक्ष, उमेदवाराचे कामगार आणि मतदार, तिघांचीही समजूत अशी असते की खासदार झालं म्हणजे धंदा सोडावाच लागतो. तसं नाही. भारतात खासदार होण्यासाठी व्यवसाय सोडावा लागत नाही. उमेदवार भारताचा नागरिक हवा, लोकसभेसाठी वय 25 आणि राज्यसभेसाठी 30 पूर्ण हवं, एवढं राज्यघटनेचं कलम 84 सांगतं. डॉक्टर, वकील, शेतकरी, साखर कारखानदार, बिल्डर, कुणीही आपलं काम चालू ठेवून संसदेत बसू शकतो.

मग अडतं कुठे? कलम 102 मध्ये. सरकारच्या हाताखालचं लाभाचं पद असेल, दिवाळखोरीतून सुटका झालेली नसेल, किंवा संसदेने केलेल्या एखाद्या कायद्याने अपात्र ठरत असेल, तर खासदारकी मिळत नाही, आणि मिळालेली असेल तर जाते. व्यावसायिकाला खरी धाकधूक असते ती यातल्या शेवटच्या वाटेची. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 9अ. सरकारशी चालू असलेलं कंत्राट.

हे कलम कायद्याच्या पुस्तकात जेमतेम चार ओळींचं आहे, पण त्यातला शब्द न् शब्द महत्त्वाचा आहे. म्हणून एक काल्पनिक उमेदवार घेऊ. रबाळ्याच्या एमआयडीसीत त्याचा गाळा आहे आणि तो रेल्वेला रबराचे सुटे भाग पुरवतो. रेल्वे म्हणजे केंद्र सरकार. खासदारकीपुरतं कायद्याच्या भाषेतलं ‘समुचित सरकार’ म्हणजे केंद्र सरकारच. गाळा याच्या एकट्याच्या नावावर आहे, प्रोप्रायटरशिप आहे आणि पुरवठ्याची ऑर्डर चालू आहे. अशा स्थितीत अर्ज भरला तर तो अपात्र. भागीदारी फर्म असेल तरीही तेच, कारण भागीदारी फर्मला भागीदारांहून वेगळं अस्तित्व कायदा देत नाही. फर्मचं कंत्राट ते भागीदारांचं कंत्राट.

आता त्याने हाच धंदा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत घातला आहे असं समजा. गाळा तोच, यंत्रं तीच, सहीचा अधिकारही त्याचाच. पण कंत्राट आता कंपनीचं झालं, आणि कंपनी ही कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती असते. तो उमेदवार आता फक्त संचालक आणि भागधारक. कलम 9अ ‘त्याने केलेलं’ कंत्राट म्हणतं, त्याच्या कंपनीने केलेलं म्हणत नाही.

आणखी एक पाऊल पुढे जाऊ. रबर पुरवण्याऐवजी तो महाप्यातून केंद्राच्या एखाद्या खात्याला संगणक-प्रणालीची देखभाल पुरवतो, किंवा सुरक्षारक्षक पुरवतो. ही झाली सेवा. कलमात शब्द आहेत मालाचा पुरवठा आणि कामाची अंमलबजावणी. सेवा हा शब्दच नाही. ठाणे महापालिकेचे रस्ते किंवा सिडकोचं बांधकाम करत असेल तर? ते केंद्र सरकार नव्हे, म्हणून हे कलम लागूच होत नाही. आणि रबराचा सगळा माल देऊन झाला, फक्त रेल्वेकडून बिलाचे पैसे यायचे राहिले असतील तर? कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलं आहे की त्याच्या बाजूने काम पूर्ण झालं असेल, तर केवळ सरकारची बाजू बाकी आहे एवढ्यावरून कंत्राट चालू धरायचं नाही.

या शेवटच्या वाक्याच्या मागे एक जुना खटला आहे, आणि तो महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात मोठ्या ठिकाणी येऊन मिळतो.

1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा ही दोन सदस्यांची जागा होती, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. तिथून काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले. जसानी हे मूलजी सिक्का आणि कंपनी या विडी बनवणाऱ्या फर्मचे भागीदार. ही फर्म सैनिकांच्या कॅन्टीनसाठी केंद्र सरकारला विड्या पुरवत होती. निवडणुकीला आव्हान दिलं गेलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. जसानींच्या बाजूने म्हटलं गेलं की माल तर देऊन झाला होता. न्यायालयाने फेब्रुवारी 1954 मध्ये निर्णय दिला: माल पोहोचवला म्हणून कंत्राट संपत नाही. दोन्ही बाजूंची पूर्तता झाली, म्हणजे पैसेही चुकते झाले, की मगच ते संपतं. जसानी अपात्र ठरले.

त्याच खटल्यात राखीव जागेचाही प्रश्न होता. गंगाराम ठवरे महानुभाव पंथात गेल्यामुळे ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असं धरून त्यांचा अर्ज फेटाळला गेला होता. तो चुकीने फेटाळला असं न्यायालयाने ठरवलं आणि भंडाऱ्याची सबंध निवडणूकच रद्द झाली. 1954 च्या पोटनिवडणुकीत सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ते हरले. भंडाऱ्याची ही पोटनिवडणूक आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते, पण ती ज्या खटल्यामुळे झाली त्यात विडीच्या एका सरकारी पुरवठ्याचा वाटा होता, हे क्वचितच सांगितलं जातं.

जसानींना लागू झालेलं कलम आजच्यापेक्षा बरंच रुंद होतं. 1951 च्या मूळ शब्दांत उमेदवाराचा स्वतःचा किंवा त्याच्या लाभासाठी दुसऱ्या कुणाच्या नावे असलेला कंत्राटातला ‘वाटा किंवा हितसंबंध’ येत होता, आणि सेवाही येत होत्या. पुढे कायदा अरुंद होत गेला. आजचं कलम 9अ, काम पूर्ण झालं की कंत्राट संपलं असं सांगणाऱ्या त्या स्पष्टीकरणासह, 1966 च्या दुरुस्तीतून आलेलं आहे. त्यामागे एक समजण्यासारखं कारण आहे. सरकार प्रत्येक क्षेत्रात ग्राहक होत चाललं होतं आणि जुना शब्द तसाच ठेवला असता तर किरकोळ व्यवहारासाठीही माणसं अपात्र ठरली असती. पण कापताना फार कापलं गेलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुलना आपल्याच शहरातली घ्या. ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या नगरसेवकाला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 10 लागू होतं. तिथे भाषा अशी आहे की महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, कोणताही वाटा वा हितसंबंध असेल तर तो अपात्र. कंपनीतल्या नुसत्या भागधारकाला तिथेही सूट आहे, तरी ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द आहे. प्रभागातल्या गटाराचं काम मेव्हण्याच्या नावावर घेतलं तर नगरसेवकाची खुर्ची धोक्यात येऊ शकते. त्याच मेव्हण्याने केंद्राच्या खात्याचं कितीतरी पट मोठं काम घेतलं तर खासदाराला हे कलम विचारतही नाही. देशाचे कायदे करणाऱ्याला प्रभागाच्या प्रतिनिधीपेक्षा सैल नियम, हे उलटं आहे.

दुसरी मोठी फट अशी की कलम 9अ फक्त कंत्राट बघतं. व्यावसायिकाला सरकारकडून मिळणारा फायदा मात्र कंत्राटातून येतो तितकाच, कधी त्याहून जास्त, परवान्यातून, आयात शुल्कातून, करातल्या सवलतीतून आणि जमिनीच्या वापरातून येतो. परवाना राज्याच्या काळात तर हे उघडच होतं. उद्योगपती कमलनयन बजाज 1957, 1962 आणि 1967 असे तीनदा वर्ध्यातून लोकसभेवर गेले. त्या काळी कारखाना काढायला, वाढवायला दिल्लीचा परवाना लागायचा, आणि परवाना हे काही कंत्राट नव्हे. त्यांनी त्या स्थानाचा वापर कसा केला हा इथे मुद्दा नाही; मुद्दा हा की कायद्याकडे त्याबद्दल विचारायला प्रश्नच नव्हता. त्यांचे पुत्र राहुल बजाज 2006 मध्ये महाराष्ट्रातून अपक्ष म्हणून राज्यसभेवर गेले तोवर परवाना राज्य संपलं होतं, पण वाहनांवरचे कर आणि प्रदूषणाचे निकष दिल्लीतच ठरत होते, आणि आजही तिथेच ठरतात.

मग संसदेत बसल्यावर त्यावर काही लगाम आहे का? आहे, पण दोन सभागृहांत दोन तऱ्हेचा.

राज्यसभेने मार्च 1997 मध्ये आचारसमिती नेमली. तिचे पहिले अध्यक्ष आपले शंकरराव चव्हाण. आज राज्यसभेच्या नियमांत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. सदस्याने पाच गोष्टी कळवायच्या: मोबदला देणारं संचालकपद, नियमित मोबदल्याचं काम, नियंत्रण ठेवता येईल एवढे शेअर्स, पैसे घेऊन केलेली सल्लागारी आणि व्यावसायिक नेमणूक. सभागृहात एखादा विषय आला आणि त्यात सदस्याचा थेट आर्थिक हितसंबंध असेल, तर बोलण्याआधी त्याने तसं सांगायचं.

लोकसभेत अशी नोंदवही नाही. आचारसमिती 2015 पासून कायमस्वरूपी झाली, पण ठाण्याचा मतदार ज्या सभागृहात थेट माणूस पाठवतो, तिथे आपल्या खासदाराचे धंदे कोणते याची अद्ययावत नोंद ठेवणारं पुस्तक नाही. मतदानाबाबत नियम 371 आहे: सदस्याचा वैयक्तिक, आर्थिक किंवा थेट हितसंबंध असेल तर त्याच्या मतावर हरकत घेता येते. मात्र तो हितसंबंध त्या एकट्याचा हवा. जनतेच्या एखाद्या वर्गाशी समाईक असेल किंवा शासनाच्या धोरणाचा विषय असेल, तर हरकत टिकत नाही. म्हणजे इथेनॉलच्या दरावर मत देणारा साखर कारखानदार सुटतो, कारण दर सगळ्याच कारखान्यांना लागू आहे. या अपवादाला अर्थ आहे. नाहीतर शेतकऱ्याला हमीभावावर आणि भाडेकरूला भाडे कायद्यावर मत देता आलं नसतं. पण बाजारात चारच मोठे खेळाडू असलेल्या धंद्यात ‘वर्ग’ म्हणजे चार माणसं, हा फरक नियम करत नाही.

सभागृहातल्या मतदानापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती समित्यांची. मतदान कॅमेऱ्यासमोर होतं आणि बहुतेक वेळा पक्षाचा आदेश असतो. समितीच्या बैठका बंद दाराआड असतात, आणि नियमातला एखादा शब्द किंवा आकडा तिथे हलू शकतो.

विडी पुन्हा येते ती इथेच. तंबाखूच्या पाकिटावर 85 टक्के जागेत धोक्याचं चित्र छापायचं असा नियम केंद्राने केला. तो 1 एप्रिल 2015 पासून लागू व्हायचा होता. लोकसभेची नियम-उपनियम तपासणारी समिती त्यावर विचार करत होती. समितीचे अध्यक्ष नगरचे खासदार दिलीप गांधी, आणि एक सदस्य होते अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता, जे स्वतः विडीचे मोठे उद्योजक. वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. नियमाची अंमलबजावणी तेव्हा पुढे ढकलली गेली आणि तो लागू झाला 1 एप्रिल 2016 ला. गुप्ता अपात्र नव्हते, कुठलं कलम त्यांनी मोडल्याचं सिद्ध झालं नाही. समितीतल्या सदस्यावर हितसंबंधाची हरकत घेता येते आणि निर्णय अध्यक्ष देतात, अशी तरतूदही आहे. तरी विडी विकणारा माणूस विडीवरच्या इशाऱ्याचा आकार ठरवणाऱ्या टेबलाशी बसला होता. 1954 मध्ये सैनिकांना विड्या विकल्या म्हणून खासदारकी गेली. साठ वर्षांनी विडीच्या नियमावर बसायला आडकाठी आली नाही. दोन्ही गोष्टी कायद्यातच बसल्या.

राज्यसभेतली नोंदवहीही पुरेशी पडत नाही, हे विजय मल्ल्या यांच्या बाबतीत दिसलं. किंगफिशर एअरलाइन्स चालवत असताना ते राज्यसभेत होते आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या सल्लागार समितीतही होते. 2016 मध्ये बँकांच्या थकीत कर्जाचं प्रकरण पेटल्यावर आचारसमिती हकालपट्टीच्या निर्णयापर्यंत आली, आणि मे महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. म्हणजे प्रश्न उभा राहिला तो शेवटी कर्जावरून. समितीवरच्या जागेने आधीची वर्षं कुणाची झोप उडवली नव्हती.

पण व्यापारातून आलेला माणूस संसदेत नकोच, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मुरली देवरा यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. व्यवसायातून राजकारणात आले, 1977-78 मध्ये मुंबईचे महापौर झाले. दक्षिण मुंबईतून 1984, 1989, 1991 आणि 1998 अशा चार लोकसभा निवडणुका जिंकल्या, 2002 पासून राज्यसभेत होते, 2006 ते 2011 पेट्रोलियम मंत्री होते, आणि नोव्हेंबर 2014 मध्ये निधन झालं तेव्हाही ते खासदारच होते. त्यांचं ज्या कामासाठी मी नाव घेतो, ते त्यांनी खासदार नसताना केलं. 1999 ची निवडणूक ते हरले होते. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्धच्या त्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2001 रोजी आदेश दिला: रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, वाचनालयं, न्यायालयं, सरकारी कचेऱ्या, बस आणि रेल्वे यांत धूम्रपान बंद. तंबाखूवरचा सर्वंकष कायदा त्यानंतर, 2003 मध्ये आला. आज ठाणे स्टेशनवरून सुटणाऱ्या लोकलमध्ये शेजारचा माणूस सिगारेट शिलगावत नाही, त्याच्या मुळाशी या याचिकेचाही वाटा आहे.

मंत्री झाल्यावर नियम आणखी कडक होतात, म्हणून तेही सांगतो. मंत्र्यांच्या आचारसंहितेनुसार मालकी ठेवता येते, पण धंद्याच्या व्यवस्थापनाशी संबंध तोडावा लागतो. धंदा सरकारला माल किंवा सेवा पुरवत असेल तर मालकीही सोडावी लागते. ती कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीला देता येते, पती किंवा पत्नीला नाही. मात्र ही संहिता आहे, कायदा नव्हे. ती पाळली जाते का हे बघण्याचं काम पंतप्रधानांचं.

लाभाच्या पदाबद्दल थोडक्यात. सरकारी महामंडळाचं वा परिषदेचं अध्यक्षपद घेतलेल्या खासदाराची जागा जाऊ शकते. 2006 मध्ये जया बच्चन यांची राज्यसभा सदस्यता उत्तर प्रदेशातल्या चित्रपट परिषदेच्या अध्यक्षपदामुळे गेली. पैसे प्रत्यक्ष घेतले का हे महत्त्वाचं नाही, त्या पदातून ते मिळू शकत होते का हे महत्त्वाचं, असं न्यायालयाने सांगितलं.

एवढ्या फटी असताना मतदाराच्या हाती उरतं काय? नमुना 26, म्हणजे उमेदवाराचं शपथपत्र. 2002 आणि 2003 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे ते आपल्याला मिळालं, आणि 2018 च्या निकालानंतर त्यात उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारी कंत्राटं आली. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही उघडता येतं. राज्य निवडायचं, मग 25 क्रमांकाचा ठाणे मतदारसंघ. मीरा-भाईंदरपासून बेलापूरपर्यंतचे सहाही विधानसभा मतदारसंघ त्याच यादीत येतात.

शपथपत्र उघडल्यावर बहुतेक जण सोनं, गाड्या आणि फ्लॅटच्या रकान्यांवर जातात. ते सोडा आणि कंत्राटांच्या मुद्द्यावर या. हा भाग कलम 9अ पेक्षा कितीतरी पुढे जातो. उमेदवाराची स्वतःची कंत्राटं, पती किंवा पत्नीची, अवलंबितांची. मग हिंदू अविभक्त कुटुंब किंवा ट्रस्टची. मग ज्या भागीदारी फर्ममध्ये यांच्यापैकी कुणी भागीदार आहे तिची. आणि शेवटी ज्या खासगी कंपनीत यांचा हिस्सा आहे तिची. सरकारबरोबरच सार्वजनिक कंपन्यांशी झालेली कंत्राटंही त्यात येतात. म्हणजे आपल्या रबाळ्याच्या उमेदवाराने प्रायव्हेट लिमिटेडच्या आडोशाने अपात्रता टाळली असली, तरी ती कंपनी आणि तिचं रेल्वेचं कंत्राट इथे लिहावंच लागतं.

रकाना मोकळा सोडता येत नाही. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रकाने रिकामे असलेलं शपथपत्र फेटाळता येतं. म्हणून आपल्याकडे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहिलेलं दिसेल. त्या शब्दापाशी थांबा. कंत्राटाच्या रकान्यात निरंक आहे, पण शेअर्सच्या रकान्यात एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं नाव आहे का? असेल तर ते नाव लिहून घ्या. कंपनीचे संचालक कोण, ती नेमकं काय करते, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघता येतं. मग पाच वर्षांपूर्वीचं शपथपत्र शेजारी उघडा. कोणती कंपनी नव्याने आली, कोणती गायब झाली, कुणाचा हिस्सा कुणाकडे गेला, हे दोन्ही कागद एकत्र बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. कंपनी गायब झाली म्हणजे ती विकली असेल, किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर गेली असेल. शपथपत्र यातलं काय झालं ते सांगत नाही.

खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. निवडून आल्यावर शपथ घेतल्यापासून 90 दिवसांत मालमत्ता आणि देण्यांचा तपशील लोकसभा अध्यक्षांकडे द्यावा लागतो. तो मात्र बाहेरच्या माणसाला अध्यक्षांच्या लेखी परवानगीनेच बघायला मिळतो.

शपथपत्रातही एक मोठं भोक आहे. त्याचे रकाने स्वतः, पती किंवा पत्नी, अविभक्त कुटुंब आणि अवलंबित एवढ्यांपुरते आहेत. कमावता मुलगा अवलंबित नसतो, लग्न झालेली मुलगी नसते, भाऊ नसतो, जावई नसतो. आपल्याकडचे निम्मे धंदे तर भावाभावांत आणि बापलेकांतच चालतात. त्या नात्यांबद्दल कुठलाही नमुना उमेदवाराला विचारत नाही, म्हणून ते आपणच विचारायचं. पुढच्या वेळी घोडबंदरच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर किंवा कोपरखैरण्याच्या चौकसभेत उमेदवार हात जोडून उभा राहील, तेव्हा पाणी आणि पार्किंगबरोबर हेही विचारा: साहेब, तुमच्या मुलांच्या आणि भावांच्या कंपन्या कोणत्या, त्यातल्या कुणाकडे केंद्र सरकारचं काम आहे, आणि त्या धंद्याशी संबंधित समितीत तुम्ही बसणार का?